चार्ज यादीवर सही करण्याआधी

पत्र:
'मी पश्चिम महाराष्ट्रातल्या एका विश्वस्त संस्थेच्या संग्रहालयात सात वर्षं सहायक अभिरक्षक आहे. अभिरक्षक सर निवृत्त झाले आणि विश्वस्तांनी मला "प्रभारी" केलं. पगार तोच. चार हजारांच्या आसपास वस्तू आहेत. नाणी, शस्त्रं, पोथ्या, पैठण्या, थोडी ब्राँझ शिल्पं, दोन ताम्रपट. महिनाअखेर चार्ज यादीवर, म्हणजे ताब्यात घेतलेल्या वस्तूंच्या यादीवर, सही करायची आहे, पण वस्तू मोजून घ्यायला वेळ द्यायला कुणी तयार नाही. भांडाराच्या किल्ल्या २६ वर्षं नोकरी झालेल्या भांडारपाल काकांकडे असतात. मागितल्या की म्हणतात, "मॅडम, काय हवंय ते सांगा, मी काढून देतो." मुंबईच्या एका चर्चासत्रात एका मोठ्या संग्रहालयाच्या संचालक बाई भेटल्या होत्या. "काही लागलं तर कळव," म्हणाल्या. दोन महिने झाले, काय कळवू तेच सुचत नाही. हाताखाली दोन प्रशिक्षणार्थी मुली आहेत, त्यातली एक सोडून जायचं म्हणते. मलाच शिकवणारं कुणी नाही, मी त्यांना काय शिकवू?'

उत्तर:
सगळ्यात आधी सहीचं बोलू, कारण तिला तारीख आहे. न पाहिलेल्या वस्तूंच्या यादीवर कोरी सही करू नका. संग्रहालयात जबाबदारी पदाने येत नाही, नोंदवहीवरच्या सहीने येते. उद्या एखादं चांदीचं नाणं कमी भरलं तर ते कधी गेलं हे कुणी विचारणार नाही. चार्ज कुणाकडे होता, एवढंच विचारतील.

चार हजार वस्तूंची पूर्ण पडताळणी महिनाअखेरपर्यंत होणार नाही, हेही मान्य करा. एक जण वस्तू हाताळणार, दुसरा नोंदवही वाचून लिहिणार, शिवाय माप आणि फोटो. या गतीनं दोघांच्या हातून दिवसाला साठ-सत्तर वस्तू होतात. म्हणजे निव्वळ कामाचे साठ दिवस, सुट्ट्या आणि पाहुणे धरून तीन-साडेतीन महिने. एवढी मुदत लेखी मागा. तोवर दोन गोष्टी मात्र उरका.

पहिली म्हणजे मौल्यवान आणि खिशात मावणाऱ्या वस्तू शंभर टक्के तपासायच्या. सोन्याचांदीची नाणी, दागिने, लहान ब्राँझ, ताम्रपट, सचित्र पोथ्या. नाणी नुसती मोजू नका, वजन करा. सराफाकडे असतो तसा ०.०१ ग्रॅमपर्यंत दाखवणारा काटा पुरतो. प्रत्येक नाण्याच्या दोन्ही बाजूंचे फोटो मोजपट्टी शेजारी ठेवून घ्या. खऱ्या नाण्याच्या जागी ओतीव नक्कल ठेवली असेल तर ती डोळ्यांना फसवते, पण वजन आणि कड सहसा फसवत नाहीत. ताम्रपटाला पत्रे ओवणारी कडी आणि तिच्यावरची मुद्रा, म्हणजे शिक्का, असेल तर त्या वेगळ्या मोजा. एकाच क्रमांकाखाली तीन पत्रे, एक कडी, एक मुद्रा असं असतं आणि यादीत नुसतं 'ताम्रपट १' लिहिलेलं असतं.

दुसरी म्हणजे उरलेल्यांतून शंभर वस्तूंची दुहेरी चाचणी. पन्नास क्रमांक नोंदवहीतून कसेही उचला आणि त्या वस्तू कपाटात शोधा. मग पन्नास वस्तू कपाटातून उचला आणि त्यांची नोंद वहीत शोधा. बहुतेक ठिकाणी फक्त पहिली बाजू होते. पण वस्तू आहे आणि नोंद नाही, ही गडबड दुसऱ्या बाजूनेच सापडते.

ताळा चुकला की लगेच चोरीची भाषा करू नका. आधी नेहमीची कारणं पाहा. एकच क्रमांक दोन वस्तूंना पडलेला, पाच भांड्यांचा संच एका क्रमांकावर, जुन्या मालकाच्या संग्रहाचा क्रमांक तसाच वस्तूवर राहिलेला, कॉलेजच्या प्रदर्शनाला गेलेली वस्तू परत आल्याची नोंद न झालेली, दालनात दुसऱ्या वस्तूच्या जागी मांडलेली. तीन रकाने करा: सापडली, सापडली पण नोंदीशी जुळत नाही, सापडली नाही. मूळ नोंदवहीत खाडाखोड करायची नाही, पांढरी शाई तर मुळीच नाही. दुरुस्ती असेल तर जुना मजकूर वाचता येईल अशी एकच रेघ, शेजारी लाल शाईत नवीन मजकूर, तारीख, सही.

चार्ज यादीच्या खाली मग हे लिहा: 'नोंदवहीप्रमाणे वस्तू इतक्या. त्यापैकी अमुक ते अमुक तारखेदरम्यान सोबतच्या यादीतील इतक्या वस्तू प्रत्यक्ष पाहिल्या. उर्वरित वस्तूंची पडताळणी अमुक तारखेपर्यंत करून अहवाल सादर करेन. तोपर्यंत न पाहिलेल्या वस्तूंचा ताबा मी घेतलेला नाही.' दोन प्रती, एकीवर कार्यालयाचा आवक क्रमांक आणि शिक्का घेऊन ती स्वतःजवळ. विश्वस्त रागावतील कदाचित. पण या मजकुरात कुणावरही आरोप नाही आणि संस्थेचा कारभार नीट समजणारा एखादा तरी विश्वस्त तो वाचून सुटकेचा श्वास टाकेल. जुने सर जवळपास राहत असतील तर पडताळणीच्या पहिल्या दोन दिवसांना त्यांना मानाने बोलवा. त्यांची सही त्या पानांवर असणं तुमच्या आणि त्यांच्या दोघांच्याही फायद्याचं.

आता काका. त्यांच्याकडून किल्ल्या एकदम काढून घेतल्या तर किल्ल्या मिळतील, पण भांडार मिळणार नाही. कोणती वस्तू कोणत्या कपाटात, ही माहिती छोट्या संग्रहालयांत अनेकदा एकाच माणसाच्या डोक्यात असते, आणि तुमच्याकडे ते काका आहेत. तुम्ही लिहिता शिकवणारं कुणी नाही. पहिले शिकवणारे तेच आहेत, त्यांना तसं कुणी म्हटलेलं नाही एवढंच. रोज एक तास ठरवा, शक्यतो सकाळी, दालनं उघडायच्या आधी. एका दिवशी एक कपाट. ते सांगतील, तुम्ही फोनवर आवाज रेकॉर्ड करा, प्रशिक्षणार्थी मुलगी वहीत लिहील. कपाटाला अक्षर, फळीला आकडा, पेटीला पुढचा आकडा. 'क-३-१२' म्हणजे क कपाट, तिसरी फळी, बारावी पेटी. स्थानसूची तयार झाली की पहिल्या पानावर 'माहिती:' असं लिहून काकांचं पूर्ण नाव घाला आणि ती प्रत विश्वस्तांच्या बैठकीत ठेवा. निवृत्तीजवळ आलेल्या माणसाला हे किती मोलाचं वाटतं, हे संस्था विसरतात.

आणि किल्ल्यांची पद्धत बदला, माणूस नको. भांडाराला दोन कुलपं: एकाची किल्ली काकांकडे, दुसऱ्याची तुमच्याकडे. जादा किल्ल्या लिफाफ्यात, लिफाफ्याच्या तोंडावर दोघांच्या आडव्या सह्या, लिफाफा कार्यालयाच्या तिजोरीत. आत गेल्याची नोंद दाराशी: कोण, किती वाजता, कशासाठी, बाहेर किती वाजता. भांडारात एकट्यानं जायचं नाही, अगदी तुम्हीही नाही. हा नियम वस्तूंसाठी जितका आहे तितकाच मुलींसाठी आहे. बंद खोलीत वरिष्ठासोबत एकटं काम करायची वेळ कुणा प्रशिक्षणार्थीवर येऊ नये. २०१३ च्या लैंगिक छळ प्रतिबंध कायद्याखाली प्रशिक्षणार्थी आणि स्वयंसेवकही येतात. तुमच्याकडे दहापेक्षा कमी कर्मचारी असतील तर अंतर्गत समिती बंधनकारक नाही, तक्रार जिल्ह्याच्या स्थानिक समितीकडे जाते आणि ती घटनेपासून तीन महिन्यांत करायची असते. त्या समितीचा पत्ता कार्यालयाच्या फलकावर लावा.

'प्रभारी, पगार तोच' याबद्दल तुम्ही एका ओळीत लिहिलंत, पण ते एका ओळीचं काम नाही. तोंडी नेमणुकीवर राहू नका. विश्वस्त मंडळाच्या पुढच्या बैठकीच्या किमान आठ दिवस आधी अर्ज द्या आणि ठराव मागा. ठरावात चार गोष्टी हव्यात. प्रभार कोणत्या तारखेपासून आणि किती मुदतीचा, म्हणजे सहा महिन्यांनी कायम करण्याचा किंवा न करण्याचा निर्णय. प्रभारासाठी भत्ता. किती रकमेपर्यंतचा खर्च विचारल्याशिवाय करू शकता. आणि संग्रहाच्या विषयांवर बैठकीत हजर राहून बोलण्याचा अधिकार. भत्त्यावर घासाघीस झाली तर थोडी सोडा, शेवटची गोष्ट सोडू नका. ज्या खोलीत खरेदीचे आणि दुरुस्तीचे निर्णय होतात तिथे तुम्ही नसाल, तर चहा आल्यावर फायली घेऊन बोलावलं जाईल तेवढंच.

हे बायकांच्या बाबतीत जास्त होतं आणि फक्त आपल्याकडे नाही. अमेरिकेतल्या कला संग्रहालयांच्या संचालकांच्या संघटनेनं २०१७ मध्ये पाहणी केली, तेव्हा संचालकपदांवर स्त्रिया ४८ टक्के होत्या, म्हणजे जवळजवळ निम्म्या. पण वर्षाचं अंदाजपत्रक दीड कोटी डॉलरच्या वर असलेल्या संग्रहालयांत त्या फक्त ३० टक्के होत्या. लूव्र १७९३ मध्ये लोकांसाठी उघडलं आणि त्याच्या प्रमुखपदी पहिली स्त्री, लॉरेन्स दे कार, आली २०२१ मध्ये. संग्रहालयात काम करणाऱ्या स्त्रिया कमी नसतात. पैसा आणि संग्रह यांच्या निर्णयांपाशी पोचता पोचता त्यांची संख्या घटते. आपल्याकडे या जागी पोचलेल्या स्त्रिया आहेत. डॉ. कल्पना देसाई मुंबईच्या छत्रपती शिवाजी महाराज वस्तुसंग्रहालयाच्या संचालक होत्या. राष्ट्रीय आधुनिक कला संग्रहालयाची मुंबई शाखा १९९६ मध्ये सुरू झाली तेव्हा मानद संचालक म्हणून डॉ. सरयू दोशी होत्या. पण तुम्ही सध्या अभ्यास करावा तो भायखळ्याच्या डॉ. भाऊ दाजी लाड संग्रहालयाचा. १८७२ मध्ये लोकांसाठी खुलं झालेलं ते संग्रहालय पार रया गेलेल्या अवस्थेत होतं. तस्नीम झकारिया मेहता यांच्या पुढाकारानं ते उभं राहिलं. आज आपण पुन्हा झळाळलेलं छत आणि खांब पाहतो, पण त्या कामाच्या मुळाशी २००३ चा त्रिपक्षीय करार आहे: महानगरपालिका, वारसा जतनाचं काम करणारी इन्टॅक ही संस्था आणि जमनालाल बजाज फाउंडेशन. मालकी कुणाची, पैसा कुणाचा, काम कोण पाहणार, हे कागदावर. इमारतीच्या संवर्धनाला २००५ मध्ये युनेस्कोच्या आशिया-पॅसिफिक वारसा पुरस्कारांतला सर्वोच्च मान मिळाला आणि २००८ मध्ये दारं पुन्हा उघडली. तुमचा ठराव त्या कराराएवढा मोठा नाही, पण त्याचं काम तेच आहे.

आता त्या संचालक बाईंना काय कळवायचं. दोन महिने काही सुचलं नाही कारण तुम्ही 'मार्गदर्शन करा' असं लिहायला बसलात असणार. त्या वाक्याला उत्तर देताच येत नाही. संग्रहालयातलं शिकणं वस्तूभोवती होतं. एक वस्तू, एक अडचण, एक निर्णय घेऊन जा. समजा तुमच्या पैठण्यांचा प्रश्न आहे. चाळीस पैठण्या घडी घालून ट्रंकेत आहेत, घड्यांवर जरतार तुटतेय, आणि गुंडाळून ठेवायला नळ्या आहेत बाराच. मग पत्र असं:

'मॅडम, सप्रेम नमस्कार. अमुक चर्चासत्रात आपली भेट झाली होती. आमच्या संग्रहालयात चाळीस पैठण्या घडीत आहेत, त्यातल्या नऊंची जरतार घडीवर तुटते आहे. गुंडाळून ठेवण्यासाठी सध्या बाराच नळ्यांची सोय होऊ शकते. आधी तुटलेल्या घ्याव्यात की अजून चांगल्या असलेल्या, यावर आपलं मत हवं आहे. सोबत एक पानाचा तक्ता आणि चार फोटो जोडले आहेत. आपल्या सोयीनं फोनवर वीस मिनिटं मिळाली तर पुढील तीनपैकी कोणत्याही दिवशी मी फोन करीन.'

बस्स. अनुभवाचा पाढा नको, स्तुती नको, 'माझ्यासारख्या लहान व्यक्तीला' नको. प्रश्न असा हवा की ज्याचं उत्तर वीस मिनिटांत देता येईल आणि ज्यावर तुम्ही स्वतः आधी विचार केलाय हे दिसेल. तुमचं तात्पुरतं उत्तरही तक्त्याच्या खाली लिहा. त्यांना खोडायला काहीतरी मिळालं की बोलणं चटकन सुरू होतं. आठ दिवसांत उत्तर नाही आलं तर एकदा आठवण करा. तरी नाही आलं तर मनाला लावून घेऊ नका, दुसऱ्या कुणाला विचारा.

पुढचं पाऊल बहुतेक लोक विसरतात: सल्ल्याप्रमाणे काय केलं ते कळवणं. महिन्याभरानं चार ओळी आणि एक फोटो. 'नऊपैकी पाच नळ्यांवर गुंडाळल्या. नळी साडीच्या पन्ह्यापेक्षा दोन्हीकडे चार बोटं जास्त घेतली, नळीवर धुतलेल्या बिनखळीच्या मलमलीचा थर दिला. तीन साड्यांचे पदर फार कडक झालेत, त्यांना हात लावलेला नाही.' अशी चिठ्ठी मिळालेला माणूस पुढच्या वेळी स्वतःहून वेळ देतो. आणि कुठल्या बैठकीत 'त्या भागात कुणी नीट काम करतं का' असा विषय निघाला, तर त्याला तुमचं नाव आठवतं. प्रशिक्षणाच्या जागा, प्रदर्शनातला सहभाग, निवड समित्या, असं बरंच काही या आठवणीवर ठरतं. दर दोन महिन्यांनी एक प्रश्न, एवढं पुरे. वर्षाला सहा प्रश्न नीट सुटले तर फार झालं.

मोठ्या संग्रहालयातल्या सल्ल्याला मात्र आपल्या परिस्थितीच्या कसोटीवर घासून घ्या. ठरलेलं उदाहरण वातानुकूलनाचं. 'भांडारात एसी लावा' हे ऐकायला बरोबर वाटतं. पण तुमच्याकडे तो सकाळी दहाला सुरू होऊन संध्याकाळी पाचला बंद होणार असेल, तर तो न लावलेला बरा. दिवसा हवा कोरडी आणि थंड, रात्री पुन्हा दमट, अशा रोजच्या चढउतारानं लाकूड, हस्तिदंत आणि लाकडावरचं रंगकाम तडकतं. सतत थोडी जास्त पण स्थिर आर्द्रता त्यामानानं सोसवते. पावसाळ्यात सापेक्ष आर्द्रता ६५ टक्क्यांच्या वर टिकून राहिली की बुरशी धरते, तिथे हवा खेळती ठेवणं, कपाटं भिंतीपासून एक वीत पुढे ओढणं आणि जमिनीवर काहीही न ठेवणं यानं बराच फरक पडतो. म्हणून प्रत्येक सल्ल्याला उलट विचारा: 'आमच्याकडे रात्री वीज बंद असते, मग काय करू?' चांगली मार्गदर्शक या प्रश्नावर चिडत नाही, विचारात पडते.

अजून एक ठिकाण जपायचं. तुमचे दोन ताम्रपट अप्रकाशित असतील, तर कुणीतरी ज्येष्ठ अभ्यासक एक दिवस म्हणतील, 'अगं, फोटो व्हॉट्सअ‍ॅपवर पाठव ना, वाचून देतो.' त्या वेळी नाही म्हणणं जड जातं, कारण समोरचा माणूस आदराचा असतो. नाही म्हणू नका, अर्ज मागा. संस्थेच्या नावे एक पानी अर्ज, फोटो कशासाठी, कुठे छापणार, श्रेयओळ कशी, छापून आल्यावर दोन प्रती संग्रहालयाला. वाचनात तुमचा किंवा तुमच्या प्रशिक्षणार्थीचा हात लागला असेल तर नाव कुठे येणार, हे आधी लिहून घ्या, नंतर नाही. प्रदर्शनासाठी वस्तू मागितली तरी तेच. वस्तू भिंतीवरून निघाल्यापासून परत भिंतीवर लागेपर्यंतचा विमा, जाता-येताना स्थितीचा अहवाल, विश्वस्तांचा ठराव. मार्गदर्शक बाईंनी मागितली तरीही हेच. त्या या क्षेत्रातल्या असतील तर त्यांना यात काही वावगं वाटणार नाही, उलट तुमच्याबद्दल खात्री वाटेल.

एकाच व्यक्तीकडून सगळं मिळावं ही अपेक्षा सोडा. वस्तूंचं एकीला विचारा, पैशांचं आणि विश्वस्तांचं दुसऱ्या कुणाला. धर्मादाय संस्थांचे हिशेब पाहणारा गावातला सनदी लेखापालही चालेल, तो पुरुष असला म्हणून काय झालं. आणि तिसरं म्हणजे बरोबरीचं कुणीतरी. तुमच्या पट्ट्यात औंधचं श्री भवानी संग्रहालय आहे, कोल्हापूर, सातारा, सांगलीत संग्रहालयं आहेत. तिथल्या तुमच्याच वयाच्या, तुमच्याच पदावरच्या व्यक्तीशी अदलाबदल ठरवा: दोन दिवस ती तुमच्या पडताळणीला साक्षीदार म्हणून, दोन दिवस तुम्ही तिच्याकडे. बाहेरच्या माणसाची सही असलेली पडताळणी विश्वस्तांना जास्त पटते. आर्द्रता मोजणारं यंत्र दोघींत एक घेतलं तरी चालतं. मोठ्या नावापेक्षा अशी मैत्रीण रोजच्या कामात जास्त उपयोगी पडते, हे आमचं ठाम मत आहे.

औपचारिक वाटाही माहीत असाव्यात. भारतीय संग्रहालय संघ १९४४ पासून आहे. आयकॉम ही संग्रहालयांची आंतरराष्ट्रीय परिषद १९४६ ची, तिचं वैयक्तिक सदस्यत्व घेता येतं. संग्रहालयशास्त्राची पदवी नसेल तर मुंबईत छत्रपती शिवाजी महाराज वस्तुसंग्रहालयाची पदव्युत्तर पदविका आहे, बडोद्याच्या महाराजा सयाजीराव विद्यापीठातला विभाग १९५२ पासूनचा. लखनौच्या राष्ट्रीय संवर्धन प्रयोगशाळेत छोटी प्रशिक्षणं होतात. ब्रिटिश म्युझियमचा आंतरराष्ट्रीय प्रशिक्षण कार्यक्रम २००६ पासून चालतो, त्यात भारतातले लोक जातात. पण अर्ज करताना लक्षात ठेवा: निवड करणारे पदव्यांइतकंच 'तुम्ही परत जाऊन काय कराल' हे पाहतात. स्थानसूची आणि पडताळणीचा अहवाल हाताशी असेल तर त्या रकान्यात लिहायला तुमच्याकडे खरं काहीतरी असेल.

आता मुली. सोडून जायचं म्हणणारीला आधी विचारा की गेल्या महिन्यात तिनं काय काय केलं. आमचा अंदाज असा: शाळांच्या सहली फिरवल्या, १८ मे च्या संग्रहालय दिनाला रांगोळी काढली, पाहुण्यांना पुष्पगुच्छ दिले, फेसबुकसाठी फोटो काढले. यातलं सहली फिरवणं महत्त्वाचं काम आहे, तेही नीट शिकवायला हवं. पण दालनाच्या चार भिंतींपलीकडचा संग्रह तिला कधी दाखवलाच नसेल तर ती थांबेल कशाला? मुलींना दालनात आणि मुलांना भांडारात, ही वाटणी कुणी ठरवत नाही, ती आपोआप पडते. ती तुमच्या हातून मोडायला हवी.

दोघींना पडताळणीत घ्या, आठवड्याला भूमिका बदला: या आठवड्यात एक हाताळणार, दुसरी लिहिणार, पुढच्या आठवड्यात उलट. प्रत्येकीला एक संग्रह स्वतःचा द्या, समजा एकीला नाणी आणि दुसरीला वस्त्रं. आणि शिकवायला काय, हा तुमचा प्रश्न असेल तर वस्तूवर क्रमांक घालण्यापासून सुरुवात करा. इतकं साधं वाटणारं काम इतक्या ठिकाणी चुकलेलं असतं. पांढऱ्या शाईवर बॉलपेननं लिहिलेले, वर नेलपॉलिश फासलेले क्रमांक तुमच्या भांडारातही असतील. नेलपॉलिश पिवळं पडतं, पापुद्र्यासारखं सुटतं आणि क्रमांक घेऊनच जातं. धातू, दगड, भाजलेली माती अशा टणक वस्तूंना पॅरालॉइड बी-७२ हे राळेसारखं द्रव्य ॲसिटोनमध्ये साधारण वीस टक्के विरघळवून घ्या. बारीक ब्रशनं नखाएवढा थर द्या, तो पूर्ण वाळू द्या, त्यावर पिगमेंटच्या शाईनं क्रमांक, तो वाळला की वरून आणखी एक थर, एकाच फटक्यात. वरचा थर पुन्हापुन्हा फिरवला तर खालचा विरघळून शाई फरफटते. जागा अशी निवडायची की जी समोरून दिसत नाही, टेकत नाही आणि जिथे लेख किंवा नक्षी नाही. खिडक्या उघड्या ठेवून काम करा, ॲसिटोनचा वास डोक्यात जातो आणि ते पेटतंही पटकन. गंजून पापुद्रे सुटलेल्या वस्तूला, चामड्याला, प्लॅस्टिकला ही पद्धत लावायची नाही. वस्त्राला धुतलेल्या सुती फितीवर क्रमांक लिहून ती कोपऱ्यात दोन सैल टाक्यांनी, धाग्यांच्या मधून सुई घालून. कागदाला मऊ पेन्सिल, टोक न दाबता. नाण्याला काहीच लिहायचं नाही, क्रमांक पाकिटावर. आणि ती पाकिटं पीव्हीसी प्लॅस्टिकची असतील तर लगेच बदला, तांब्याच्या नाण्यांवर त्यानं हिरवा चिकट थर चढतो.

हे एक दुपार करून दाखवायचं, मग जुन्या मातीच्या खापरांवर त्यांच्याकडून वीस वेळा करून घ्यायचं, मग खऱ्या वस्तूवर. चूक झाली तर ॲसिटोननं पुसून पुन्हा करता येते, म्हणूनच सुरुवात इथून. ज्या कामात चूक परत फिरवता येत नाही, उदाहरणार्थ ब्राँझ स्वच्छ करणं, ते तुम्ही स्वतः शिकल्याशिवाय कुणालाच देऊ नका. शनिवारी अर्धा तास तिघी बसा: या आठवड्यात काय अडलं, कुठली वस्तू जुळली नाही, कुणाला विचारायचं. मार्गदर्शक बाईंना पाठवायचा पुढचा प्रश्न याच बैठकीतून निघू दे आणि पत्राखाली दोघींची नावं असू देत. नाण्यांचा तक्ता नाणी पाहणाऱ्या मुलीनं केला असेल तर फोनवरही तिनंच बोलावं, तुम्ही शेजारी बसा.

ग्रेस मॉर्ले यांचं नाव मुद्दाम सांगतो. १९३५ पासून १९५८ पर्यंत त्या सॅन फ्रान्सिस्कोच्या कला संग्रहालयाच्या पहिल्या संचालक होत्या. १९६० मध्ये, साठीच्या उंबरठ्यावर, त्या दिल्लीला राष्ट्रीय संग्रहालयाच्या संचालक म्हणून आल्या. त्याच वर्षी संग्रहालय राष्ट्रपती भवनातून जनपथवरच्या नव्या इमारतीत गेलं. १९६६ मध्ये पद सोडल्यावर त्या परत गेल्या नाहीत. दिल्लीतच राहून आयकॉमच्या आशिया विभागाचं काम पाहत राहिल्या. १९८२ मध्ये त्यांना पद्मभूषण मिळालं, १९८५ मध्ये दिल्लीतच त्या गेल्या. आपल्या देशाच्या राष्ट्रीय संग्रहालयाची घडी ज्या काळात बसली त्या काळात खुर्चीवर एक बाई होती, हे तुमच्या दोन्ही मुलींना ठाऊक असायला हवं. सहली फिरवताना त्या ते मुलांनाही सांगू शकतील.

सोडून जाऊ म्हणणारीला नाणी द्या. काटा आणायला बाजारात तिलाच पाठवा, पावती संस्थेच्या नावाची घ्यायला सांगा, आणि चार्ज यादीला जोडायच्या नाण्यांच्या तक्त्यावर 'वजन व छायाचित्रण' या शब्दांपुढे तिची सही घ्या.